नऊ नंबरचं टेपयंत्र

कलकत्त्यात दिवसातून वीस माणसं तुम्हाला ‘केमोन आछेन?’ असं विचारतात. कसे आहात, एवढाच त्याचा अर्थ. तुम्ही ‘भालो’ म्हणता, म्हणजे बरा आहे, आणि तोवर विचारणारा ट्रामचा दांडा धरून पुढे गेलेला असतो. त्या शहरात मी सहा वर्षं काढली. या प्रश्नाचं उत्तर ऐकायला थांबणारा एकच माणूस मला भेटला, आणि तो थांबतो म्हणून लोक त्याला जिन्यात पाहिलं की दुसऱ्या जिन्याने जात.

ऑफिसात सगळे त्यांना बोडदा म्हणत. बोडदा म्हणजे थोरला भाऊ. खरं नाव हजेरीपटावर होतं, पण ते उच्चारण्याची वेळ कुणावर येत नसे. मी पुण्याहून बदली होऊन आलो आणि एस्प्लनेडजवळच्या आमच्या सरकारी कंपनीच्या संगणक केंद्रात रुजू झालो, त्या पहिल्याच सकाळी हा पन्नाशीचा, उंच, वाकलेला, धोतरावर ऑफिसचा कोट घातलेला गृहस्थ माझ्यासमोर उभा राहिला आणि मराठीत म्हणाला, “कसा आहेस?”

मराठी ऐकून मी दचकलो. ‘ठीक आहे’ म्हणालो.

“ठीक म्हणजे काय?”

ते खरोखर थांबले होते. मागे दोन माणसं फायली घेऊन खोळंबली होती. मी म्हटलं, झोप लागत नाही. ते थांबलेच. मग मी सांगितलं की मेसमध्ये सकाळ-संध्याकाळ मासळी असते, मी ती खात नाही, चार दिवस पाव आणि केळी यांवर आहे, आणि काल रात्री आईला पत्र लिहिताना रडू आलं. हे असं सगळं मी एका अनोळखी माणसाला, ऑफिसच्या व्हरांड्यात, अकरा वाजता सांगितलं. त्यांनी मान हलवली, यंत्राने एखादा आकडा बरोबर दिल्यावर हलवतात तशी, आणि म्हणाले, “संध्याकाळी पाचला गेटवर ये. आता चल, चहा खा.”

चहा खायचा, पाणी खायचं, सिगारेटही खायची. त्यांची तिसरी पिढी कलकत्त्यात. आजोबा रेल्वेच्या नोकरीसाठी आले ते परत गेलेच नाहीत. घरात मराठी टिकली होती, पण तिच्या अंगावर बंगाली कपडे होते. संध्याकाळी त्यांनी मला बेहाल्याच्या ट्राममध्ये कोंबलं, घरी नेलं आणि दारातूनच ओरडून सांगितलं, “चार दिवस केळी खातोय हा.” वहिनी मिरजेच्या. त्यांनी काहीही न विचारता परातीत भाजणी घेतली. ती थालिपिठं मी अजून विसरलेलो नाही.

पण त्या दिवशी थालिपिठांइतकाच मी त्या घराकडे बघत राहिलो होतो. रेडिओला पेटी नव्हती. त्याच्या पेटत्या नळ्या आणि तारा उघड्या फळीवर मांडलेल्या होत्या आणि तो तसाच गात होता. भिंतीवरच्या घड्याळाची तबकडी काढून टाकली होती. वेळ काट्यांच्या कोनावरून ओळखायची, पण चाकं दिसायची. तांदळाच्या मोठ्या डब्याला वरपासून खालपर्यंत दोन बोटं रुंदीची फट पाडून तिच्यात काच बसवली होती. तशीच काच डाळीच्या डब्याला, साखरेच्या डब्याला, दारावरच्या पत्रपेटीला. स्वयंपाकघर आणि बाहेरची खोली यांच्या मधल्या भिंतीत एक वीट काढून तिथेही काच. चहाचं आधण ठेवलं की नाही, हे पाहुण्याला बसल्या जागी कळत असे.

“माझ्या घरात झाकलेलं काही राहिलं नाही,” वहिनी म्हणाल्या. “एकदा मला विचारतात, उशीला काच बसवू का. कापूस किती दबलाय ते कळेल म्हणे.”

बोडदांचं म्हणणं असं की डबा उघडून बघणं हा अडाणीपणा आहे. उघडला की वारा जातो, मुंगी जाते, हात जातो. आतली गोष्ट आत राहिली पाहिजे आणि बाहेरच्याला दिसली पाहिजे. “बघा, पण हात घालू नका,” हे त्यांचं आवडतं वाक्य. चिवड्याच्या डब्याला काच बसवल्यावर मात्र त्यांची पंचाईत झाली. पूर्वी ते दुपारी सुट्टीच्या दिवशी मूठभर चिवडा गुपचूप खात. आता वहिनी काचेवर काजळाने रेघ मारून झोपायला जात. उठल्यावर चिवडा रेघेच्या खाली. बोडदांनी हे तक्रार न करता सोसलं, कारण तत्त्व त्यांचंच होतं.

दुसरं तत्त्व, लिहिलं की शिळं झालं. ते डायरी ठेवत नसत, रोजचा अहवाल लिहीत नसत, आणि ‘स्थिती समाधानकारक’ हे शब्द कुठल्याही कागदावर दिसले की त्यांना शिंक येत असे. खरोखर येत असे, मी पाहिली आहे. “दहा वाजता समाधानकारक होती हो, पण आता साडेदहा झालेत.”

आता यंत्राविषयी थोडं सांगायला हवं, नाहीतर पुढचं समजणार नाही.

आमचं मशीन एका मोठ्या थंड खोलीत होतं. आत जाताना बूट-चपला बाहेर काढाव्या लागत, धूळ नको म्हणून. भिंतीला लागून आठ टेपयंत्रं उभी होती, कपाटाएवढी, पुढे काच आणि आत फिरणारी रिळं. प्रत्येकावर पांढऱ्या रंगाने नंबर घातलेला, एक ते आठ. एका वेळी मशीन चार-पाच कामं करी. कुणाचं काम आधी, कुणाला आतली किती जागा, कुणी थांबायचं, हे ठरवणारा एक मुख्य प्रोग्राम सतत चालू असे. त्याला सुपरवायझर म्हणत. आमच्या ऑफिसातला काम करणारा तो एकमेव सुपरवायझर, असं बोडदा म्हणत.

गंमत अशी की या सुपरवायझरच्या मनात काय चाललंय हे कुणालाच कळत नसे. पुढच्या फळीवर दिवे लुकलुकत, त्यावरून जुने लोक अंदाज बांधत. काम अडकलंच तर एकच उपाय होता. मशीन थांबवायचं आणि त्याच्या पोटातलं सगळं जसंच्या तसं कागदावर छापून काढायचं. उशीएवढा गठ्ठा निघे, नुसत्या आकड्यांचा. मग चार जण तो गठ्ठा घेऊन दोन दिवस बसत. बोडदांना हा प्रकार असह्य होई. “माणूस कसा आहे हे समजायला त्याला आधी मारायचं, मग फाडायचं? अरे, जिवंत आहे तोवर विचारा ना.”

विचारायचं कसं, यावर त्यांनी सात-आठ महिने घालवले. उत्तर सापडलं ते इतकं साधं होतं की मला ते कळायला आठवडा लागला. ते म्हणाले, आपल्याकडच्या नव्या पोरालाही टेप वाचता येते. टेप वाचायची आज्ञा प्रत्येक प्रोग्रामला ठाऊक आहे. मग नवी भाषा कशाला शिकवायची? यंत्राला खोटं सांगायचं की इथे आणखी एक टेपयंत्र आहे, नंबर नऊ. कुणी पहिलं ते आठवं वाचायला मागितलं की सुपरवायझर त्या-त्या यंत्राकडे जाईल. कुणी नववं मागितलं की तो कुठेच जाणार नाही. तो क्षणभर स्वतःकडे बघेल, आता आत काय चाललंय ते चार ओळींत मांडेल, आणि टेपवरून आल्यासारखं मागणाऱ्याच्या हातात देईल.

“म्हणजे ती माहिती ठेवलेली कुठे असेल?” मी विचारलं.

“कुठेच नाही. तू मागितलीस की होईल.”

मग त्यांनी करून दाखवलं. तीन पंचकार्डं, म्हणजे भोकं पाडून हुकूम लिहिलेली जाड कार्डं, मशीनमध्ये घातली, प्रिंटर खडखडला आणि कागदावर ओळी आल्या. आत चार कामं आहेत, वॅगनांचं वेळापत्रक बाराव्या भागावर आहे, अमुक काम सहा नंबरच्या टेपसाठी खोळंबलंय, एवढी जागा मोकळी आहे. सहा नंबरवर पाहिलं तर खरंच चुकीचं रीळ चढवलेलं. दोन दिवसांचं पोस्टमॉर्टेम तीन कार्डांत झालं. बोडदा मोज्यांवरच खोलीभर नाचले. धोतरात पन्नाशीचा माणूस नाचताना फार सुंदर दिसत नाही, पण पंच ऑपरेटर मुलींनी टाळ्या वाजवल्या.

महिन्याभरात सगळं केंद्र नऊ नंबर वाचू लागलं. बोडदांनी दिवसाच्या पहिल्या कार्डगठ्ठ्याला नावच ‘केमोन’ ठेवलं होतं. सकाळी आले की बूट काढायचे, केमोन घालायचा, कागद वाचायचा, आणि मग मशीनकडे बघून ‘भालो’ म्हणायचं, जर भालो असेल तरच.

आमचे संचालक या सगळ्यापासून लांब असत. त्यांच्या दारावर नावाच्या तीन पाट्या होत्या, इंग्रजी, हिंदी, बंगाली, आणि तिन्हींवरच्या पदव्या निरनिराळ्या लांबीच्या होत्या. पाहुण्यांना मशीन दाखवायची त्यांना भारी हौस. बूट मात्र ते काढत नसत. त्यांच्यासाठी शिपाई कापडी पिशव्या घेऊन उभा राही आणि संचालक पायांवर उशा बांधल्यासारखे आत येत. एकदा पाहुणे यायच्या आदल्या दिवशी त्यांनी बोडदांना बोलावून सांगितलं की नऊ नंबरचा उद्याचा कागद आजच छापून ठेवा, सगळं व्यवस्थित चाललंय असा. बोडदा म्हणाले, उद्याचं मला माहीत नाही. संचालक म्हणाले, मला माहीत आहे. दुसऱ्या दिवशी बोडदांनी पाहुण्यांसमोर जिवंत कागद काढला. त्यावर ‘तीन कामं खोळंबली आहेत’ असं आलं. पाहुणे खूश झाले, कारण सरकारी कचेरीत खरं सांगणारं काहीतरी त्यांना प्रथमच दिसत होतं. संचालक खूश झाले नाहीत.

त्यानंतर सामानाच्या मोजणीचं साल आलं.

मोजणीला वरच्या कचेरीतून एक बंगाली गृहस्थ आले. सियालदहला उतरून छत्री टेकत चालत येत, लोकल कितीही उशिरा आली तरी साडेदहाला हजर. सरकारी कचेरीत प्रत्येक खुर्चीवर, पंख्यावर, कपाटावर नंबर रंगवलेला असतो, आणि डेड स्टॉक रजिस्टर नावाच्या जाड वहीत त्याची नोंद असते. वही आणि वस्तू जुळवायच्या, हे त्यांचं काम. त्यांची पद्धत आम्हाला फार जाचक वाटे. चष्मा विसरलो म्हणून ते रजिस्टर माझ्याकडून वाचून घेत, रोज, आणि मग प्रत्येक वस्तूपाशी जाऊन रंगवलेल्या आकड्यावरून बोट फिरवीत. नुसतं बघून त्यांचं समाधान होत नसे. इतका अविश्वास बरा नव्हे, असं आम्ही आपसात म्हणत असू.

मशीनरूममध्ये त्यांनी आठही टेपयंत्रांवरून बोट फिरवलं. बूट काढले तेव्हा त्यांच्या मोज्यातून अंगठा बाहेर आलेला होता. बोडदांनी त्या अंगठ्याकडे आदराने पाहिलं. मग त्यांनी वापराचे महिन्याचे तक्ते मागवले, आणि मी ते वाचून दाखवू लागलो. एक नंबर इतके तास, दोन नंबर इतके तास. आठ झाल्यावर मी थांबलो.

“पुढे?” ते म्हणाले. “अजून ओळ आहे. तुमचं बोट खाली गेलं.”

मी नऊ नंबर वाचला. वापराचे तक्ते मशीन स्वतःच छापी, आणि मशीनच्या मते यंत्रं नऊ होती. त्यातही सगळ्यांत जास्त वापर नवव्याचा, आणि दुरुस्तीसाठी ते एकदाही बंद राहिलेलं नव्हतं.

त्यांनी छत्री दुसऱ्या हातात घेतली. म्हणाले, सगळ्यांत चांगलं यंत्र, आणि तेच जागेवर नाही. हे मी फार ठिकाणी पाहिलं आहे.

इथे गोष्ट संपायला हवी होती. संचालकांनी एवढंच सांगायचं होतं की तसं यंत्र नाही, ती मशीनमधली एक सोय आहे. पण मोजणीसाहेबांनी पिशवीतून आमचा वार्षिक अहवाल काढला. त्यात संचालकांनी स्वतःच्या सहीने लिहिलं होतं की पूर्व भारतात नऊ टेपयंत्रं असलेलं हे एकमेव केंद्र आहे. वापराचा तक्ता पाहून लिहिलं होतं. खोलीत जाऊन मोजलं नव्हतं, कारण त्यासाठी पायांना पिशव्या बांधाव्या लागल्या असत्या.

आता संचालकांना आठ म्हणता येईना. त्यांनी बोडदांना बोलावून एक टाइप केलेला कागद पुढे ठेवला. टेपयंत्र क्रमांक नऊ निकामी झाल्याने मोडीत काढण्यात आलं, खाली मशीनरूमच्या प्रमुखाची, म्हणजे बोडदांची सही. सही केली तर प्रकरण मिटलं. नाही केली तर सरकारी यंत्र गहाळ केल्याची चौकशी, चौकशी होईपर्यंत मशीनरूमची चावी परत, आणि बदली खिदिरपूरच्या कागदाच्या गोदामावर. दोन दिवसांत काय ते सांगा.

त्या संध्याकाळी आम्ही बेहाल्याच्या ट्राममध्ये शेजारी बसलो होतो. मी त्यांना म्हटलं, सही करून टाका. जे नाहीच ते मोडीत काढलं, यात कुणाचं काय गेलं? नोंद तेवढी होईल, तुमचा नऊ नंबर आत चालूच राहील.

“निकामी लिहायचं,” ते म्हणाले. “सबंध खोलीत एकच यंत्र आहे जे कधी निकामी झालं नाही. त्याच्याबद्दल. आणि माझ्या सहीने.”

“गोदामात मशीन नाही, बोडदा.”

“ठाऊक आहे.” माजेरहाटच्या पुलावर ट्राम हळू झाली तेव्हा ते सवयीने म्हणाले, “तू कसा आहेस?”

“ठीक,” मी म्हणालो.

आणि त्यांनी पुढे काहीच विचारलं नाही. इतक्या वर्षांत ते पहिल्यांदाच. मला एखाद्याने थोबाडीत मारावी तसं झालं. खरं म्हणजे मी ठीक नव्हतो. मी घाबरलो होतो, कारण वापराचे तक्ते माझ्या सहीने जात, आणि सही करा हा सल्ला मी त्यांच्यासाठी कमी, माझ्यासाठी जास्त देत होतो. हे त्यांना दिसलं असणार. मलाही कुठेतरी काच बसवलेली असावी.

तिसऱ्या दिवशी दुपारी दोन वाजता मोजणीसाहेब उत्तरासाठी आले. बोडदांनी सही न केलेला कागद त्यांच्या हातात दिला आणि म्हणाले, “यंत्र निकामी नाही. चला, दाखवतो.”

संचालक पिशव्या बांधून आले. मी कार्डं घेऊन उभा होतो. बोडदांनी पंच ऑपरेटरकडून एक नवीन कार्ड करून घेतलं होतं, त्यावर कामाचं नाव म्हणून मोजणीसाहेबांचं आडनाव. गठ्ठा आत गेला, प्रिंटर खडखडला. साहेब चष्मा विसरले होते, म्हणून मी वाचलं. आत पाच कामं आहेत. वॅगनांचं वेळापत्रक, कोळशाचा साठा, हे, ते, आणि पाचवं काम, त्यांचं आडनाव. करतंय काय, तर नऊ नंबरची टेप वाचतंय.

“मी आत आहे?” साहेब म्हणाले.

“होतात. आता बाहेर आलात.”

त्यांनी पुन्हा घालायला सांगितलं. पुन्हा घातलं. या वेळी वॅगनांचं काम संपलेलं होतं, चारच कामं, त्यांत साहेब परत हजर. त्यांनी दोन्ही कागद हातात धरले. “पहिली माहिती कुठे गेली?”

“ती तुमच्या हातात आहे, पण शिळी आहे.”

“आणि ही नवी, मी मागायच्या आधी कुठे ठेवली होती?”

बोडदांनी कोटाच्या खिशात हात घातले. “मी तुम्हाला विचारलं, केमोन आछेन, तर तुम्ही काहीतरी सांगाल. मी विचारायच्या आधी ते उत्तर तुम्ही कुठल्या कपाटात ठेवलं होतं?”

साहेब काही बोलणार तेवढ्यात वीज गेली.

कलकत्त्यात त्या दिवसांत वीज जाण्याला बातमी म्हणत नसत. पंखे थांबले, प्रिंटर थांबला, आठही रिळं कुरकुरत थांबली. आमच्या केंद्राला जनरेटर होता, पण तो संचालकांच्या खोलीच्या एअरकंडिशनरला जोडलेला होता. त्यामुळे संचालक तिकडे निघून गेले.

साहेबांनी हात पुढे करून आठ नंबरवर बोट टेकवलं. “हे आहे.” मग पलीकडच्या मोकळ्या जागेकडे वळले. “आणि नववं?”

“आता नाही,” बोडदा म्हणाले. “वीज आली की असेल.”

गरम होऊ लागलं म्हणून आम्ही तिघं बाहेर जिन्यावर येऊन बसलो. मातीच्या भांड्यांतून चहा आला. बोडदांनी साहेबांकडे वळून विचारलं, “केमोन आछेन?”

“भालो.”

बोडदा थांबले. चहा निवत चालला. मी जाऊ का असं मी खुणेने विचारलं, बोडदा ‘बस’ म्हणाले. जिन्याच्या खालून भेळवाल्याचा आवाज येत होता.

“दिसत नाही,” साहेब म्हणाले. अगदी साध्या आवाजात, जणू छत्री विसरलो म्हणावं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. वर्षभर वाढतोय. चष्मा ते विसरत नसत. चष्मा खिशातच असे, त्याचा उपयोग नव्हता. घरी सांगितलेलं नाही, ऑफिसात तर नाहीच. मोजणी करणाऱ्याला दिसत नाही म्हटल्यावर त्याला ठेवील कोण? म्हणून आकडे बोटांनी वाचतात. ट्रामचे नंबर लोकांना विचारतात. शस्त्रक्रियेची भीती वाटते. हे सगळं त्यांनी आपल्या अंगठ्याकडे बघत सांगितलं, आणि सांगून झाल्यावर निवलेला चहा एका घोटात प्यायले.

बोडदांनी नेहमीसारखी मान हलवली. म्हणाले, बेहाल्यात आमच्या गल्लीत एक डोळ्यांचे डॉक्टर आहेत, स्वतःचे गुडघे सोडून बाकी सगळ्याबद्दल माझ्या बायकोला त्यांचा सल्ला पटतो. रविवारी सकाळी या. ती थालिपीठ करेल. साहेबांनी विचारलं, थालिपीठ म्हणजे काय? त्यावर मी इतका वेळ बोललो की वीज आली तरी कळलं नाही.

आत गेलो. मशीन पुन्हा चालू करायला वीस मिनिटं लागली. रिळं पुन्हा पहिल्यापासून चढवायची होती, आठही यंत्रं नुसती उभी होती. बोडदांनी केमोनचा गठ्ठा घातला. प्रिंटर खडखडला. मी वाचलं. एकच काम, तेच वाचणारं. बाकी सगळी जागा मोकळी. टेपयंत्रं एक ते आठ, बंद.

“म्हणजे आत्ता या खोलीत फक्त नववंच चालू आहे,” साहेब म्हणाले.

त्यांनी माझ्याकडे रजिस्टर मागितलं आणि बोटाने ओळ चाचपून नवव्या रकान्यात स्वतःच्या हाताने लिहिलं. अक्षर मोठं आणि तिरकं आलं. मजकूर इंग्रजीत होता, मराठीत सांगायचा तर एवढाच: नग एक. तपासला. हाताला लागत नाही. चालू आहे.

खाली सही.

संचालकांचा अहवाल अशा रीतीने खरा ठरला, आणि पुढच्या महिन्यात त्यांनी पाहुण्यांना नवव्या यंत्राची मोकळी जागा स्वतः दाखवली, पितळी पाटीसकट. पाटीवर त्यांचं नाव होतं. बोडदांकडे चावी परत मागितलीच गेली नाही. साहेबांच्या डोळ्यांची शस्त्रक्रिया हिवाळ्यात झाली. त्यानंतर ते बेहाल्याला आले तेव्हा त्यांनी पहिल्यांदा वहिनींचा तांदळाचा डबा पाहिला आणि खाली वाकून कितीतरी वेळ ती काच बघत बसले. बाकीचे आम्ही गप्पा मारत होतो. मध्येच ते म्हणाले, “दोन शेर, थोडं जास्त.” वहिनींनी डबा उघडून मापलं नाही. त्या हसल्या फक्त.

मी नंतर नागपूरला बदलून गेलो. काही वर्षांनी ते मशीन जुनं झालं आणि मोडीत निघालं. तिथल्या नव्या स्टोअरकीपरचं मला पत्र आलं. आठ टेपयंत्रं लॉरीतून गेली, त्यांच्यापुढे रजिस्टरमध्ये खूण झाली. नवव्याचं काय करायचं? ते सापडत नाही, आणि शेवटची नोंद ‘चालू आहे’ अशी असल्याने मोडीत काढता येत नाही. आपण त्या वेळी तिथे होतात, तरी कृपया कळवावे.

बोडदा निवृत्त होऊन बेहाल्यात होते. मी ते पत्र त्यांना पाठवून दिलं आणि सोबत लिहिलं की मी ठीक आहे, तुम्हीही ठीक असाल.

आठव्या दिवशी पोस्टकार्ड आलं. अक्षर तेच वाकलेलं. “नवव्याचं मी त्याला लिहितो, की राहू दे. वही आहे तोवर आहे. तुझ्या वहिनीने चिवड्याच्या डब्याला दुसरी काच बसवून घेतली आहे, आता मागूनही दिसतं. त्या दिवशी ट्राममध्ये मी तुला विचारून थांबलो नाही, ती माझी चूक झाली. आता थांबलो आहे. कसा आहेस?”

मी पोस्टकार्ड आणायला निघालो होतो. मग परत फिरलो आणि कपाटातून मोठे कागद काढले.